खान मोठा की सुलतान? तुर्क, मोंगल आणि इस्लामी दरबारांतील हुद्दे व किताब

प्रश्नात तीन गोष्टी विचारल्या आहेत. खान, बेग, मिर्झा, अमीर, मलिक, सुलतान या पदव्यांची वरपासून खालपर्यंत एकच उतरंड लावून मिळेल काय. त्यांपैकी सैन्यातले हुद्दे कोणते आणि नुसते मानाचे किताब कोणते. आणि घरातल्या एका जुन्या कागदात पूर्वजाच्या नावापुढे 'पंचहजारी' असे लिहिलेले आहे, तर त्याच्या हाताखाली खरोखर पाच हजार स्वार होते असे समजावे काय. फारसी आणि मोडी कागद वाचण्यात माझी तीसेक वर्षे गेली आहेत. या तीन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर नकारार्थी आहे, आणि ते तसे का आहे हे समजले की उरलेल्या दोघांची उत्तरे सोपी होतात.

उमेदवारीच्या काळात सफवी इराणमधील एका फर्मानाचे भाषांतर करताना मी 'सुलतान' या शब्दासाठी 'राजा' असा शब्द योजला होता. माझ्या गुरुजींनी तो कागद परत केला आणि एवढेच विचारले, की हा राजा जर एका खानाच्या हुकमात वागतो, तर मग खान कोण? सफवी राज्यात शहाच्या खाली मोठ्या प्रांतांवर बेगलरबेगी, त्याच्या खाली खान, आणि खानापेक्षाही खालच्या मुलखावर सुलतान नेमलेला असे. म्हणजे तिथला सुलतान हा फार तर एखाद्या परगण्याचा अंमलदार. त्याच काळात इस्तंबूलमध्ये उस्मानी बादशहा स्वतःला सुलतान म्हणवत होता आणि शिवाय नावापुढे 'खान'ही लावत होता. त्याच्या घरातल्या स्त्रियांच्या नावांमागेही सुलतान हाच शब्द येई. आग्र्याला मोगल बादशहाचे मुलगे 'सुलतान सलीम', 'सुलतान खुर्रम' असे ओळखले जात, आणि खान हा तर बादशहाने नोकरांना द्यायचा किताब होता. तीन दरबार, शतक एकच, शब्द तेच, आणि त्यांचा क्रम प्रत्येक ठिकाणी निराळा. उतरंड लावायची झाली तर ती एका दरबाराची आणि एका काळाची लावता येते, सर्वांची मिळून लावता येत नाही.

हे शब्द असे वरखाली का होतात, हे 'खान' या एकाच शब्दाच्या मागे गेले तर दिसते. मंगोलियाच्या गवताळ प्रदेशात रूरान टोळ्यांचा प्रमुख इ. स. 402 च्या सुमारास स्वतःला 'खागान' म्हणवू लागला. 552 मध्ये त्यांची सत्ता मोडून तुर्कांच्या बूमिनने तोच शब्द उचलला. ओरखोन नदीच्या खोऱ्यातील आठव्या शतकातल्या शिलालेखांत तुर्की दरबार बऱ्याच तपशिलाने दिसतो : वर खागान, त्याची राणी खातून, राजघराण्यातले यबगू आणि शाद, राजपुत्र तेगीन, शिवाय तरखान आणि तुदून. पुढे खागानाचा आखूड 'खान' झाला आणि तो लहानमोठ्या टोळीप्रमुखांनाही लागू लागला. चंगीझच्या वंशजांच्या मुलखात मात्र खान म्हणवून घ्यायला त्याचेच रक्त लागत असे आणि हा निर्बंध फार कडक होता. तैमूरने दिल्लीपासून अंकारापर्यंत दहशत बसवली, तरी तो खान झाला नाही. त्याने 1370 पासून चंगीझच्या वंशातला सुयुर्गतमिश आणि त्याच्यानंतर महमूद अशी नावापुरती माणसे खान म्हणून गादीवर ठेवली, आणि स्वतःला 'अमीर' आणि 'गुरकान' म्हणवले. गुरकान म्हणजे जावई. चंगीझच्या वंशातली बायको केल्यामुळे मिळालेला तो मान होता, आणि मोगल घराणे पुढे अभिमानाने स्वतःला गुरकानीच म्हणवत राहिले. आता याच घराण्याच्या दरबारात शंभर-दीडशे वर्षांनी काय झाले ते पाहावे. ज्या शब्दाला तैमूरने हात लावला नाही, तो शब्द त्याच्या वंशजांनी इराणी, तुराणी, अफगाण अशा कोणत्याही चांगल्या सरदाराला खिलतीबरोबर, म्हणजे मानाच्या पोशाखाबरोबर, वाटून टाकला. इतके खान झाले, की त्यांत उठून दिसावा म्हणून 'खान-ए-खानान' असा वेगळा किताब ठेवावा लागला.

मिर्झाची कथा याच जातीची आहे. मूळ शब्द अमीरजादा, म्हणजे अमीराचा मुलगा. तैमूर स्वतः अमीर होता, म्हणून त्याच्या वंशातले सारे पुरुष मिर्झा झाले, मग ते गादीवर असोत की नसोत. बाबराने आपल्या आठवणींत स्पष्ट लिहिले आहे, की आजवर तैमूरच्या वंशजांना, ते राज्य करीत असले तरी, मिर्झाच म्हणत आले, आता मला पादशाह म्हणावे असा मी हुकूम केला. ही गोष्ट 1507 सालची, काबूलची. इराणमध्ये पुढे एक गमतीची विभागणी झाली : मिर्झा नावाच्या मागून आला तर माणूस राजघराण्यातला, आणि नावाच्या आधी आला तर तो लेखणी चालवणारा कारकून. कागद वाचताना शब्दाची जागा पाहिल्याशिवाय अर्थ लावू नये, हे मी शिकवण्यांत पहिल्याच दिवशी सांगतो ते यासाठीच.

आता हुद्द्यांकडे वळतो, कारण तिथे जमीन जरा घट्ट आहे. मध्य आशियातील घोडेस्वार समाजांत सैन्याची रचना दहाच्या पटीत होती, आणि मोंगलांच्या आधी हजारांहून अधिक वर्षे श्योंग्नू टोळ्यांतही ती आढळते. चंगीझने तिला जे रूप दिले ते टिकले. दहांचा अरबान, शंभरांचा जूऊन, हजारांचा मिंगान आणि दहा हजारांचा तुमेन. 1206 च्या कुरुलताईत, म्हणजे सरदारांच्या सभेत, त्याने एकेका हजारावर एक असे पंच्याण्णव सरदार नेमले, अशी यादी मोंगलांच्या गुप्त इतिहासात आहे. या नेमणुकांत महत्त्वाची गोष्ट आकड्यापेक्षा वेगळी आहे. जुन्या टोळ्या फोडून त्यांची माणसे या हजारांत मिसळली गेली, आणि एका हजारातला माणूस परवानगीवाचून दुसऱ्यात जाऊ शकत नव्हता. त्यामुळे हजारी हा फक्त लढाईतला अधिकारी राहिला नाही. त्या हजार घरांची वस्ती, चराई, वसुली सारे त्याच्याकडे आले. अशा सरदाराला मोंगल भाषेत नोयान म्हणत. तुर्की लिहिणारा त्यालाच बेग लिहितो आणि फारसी किंवा अरबी लिहिणारा अमीर. म्हणून एकाच माणसाच्या नावापुढे तीन कागदांत तीन शब्द दिसले, तर त्याची दोनदा बढती झाली असे समजण्याचे कारण नाही.

याच गुप्त इतिहासात खानाच्या पहारेकऱ्यांविषयी, म्हणजे केशिगविषयी, जे नियम आहेत ते वाचण्यासारखे आहेत. या तुकडीची संख्या दहा हजारांवर नेली होती. बाहेरच्या हजारी सरदाराने केशिगमधल्या साध्या पहारेकऱ्याशी बरोबरीच्या नात्याने भांडण काढले, तर शिक्षा सरदाराला होती. रात्रीच्या पहाऱ्यावर किती माणसे आहेत हे विचारण्याचीही बंदी होती, आणि विचारणाऱ्याचा खोगीर-लगामासकट घोडा आणि अंगावरचे कपडे काढून घेतले जात. हुद्दा आकड्याने ठरतो हे खरे, पण राजाच्या तंबूपासून माणूस किती अंतरावर झोपतो हे त्या आकड्यावरही मात करणारे होते. पुढच्या सर्व दरबारांत हे दुसरे माप कायम राहिले. कैरोच्या मामलूक, म्हणजे गुलाम सैनिकांतून वर आलेल्या, सुलतानांचे बडे अधिकारी 'दवादार', म्हणजे दौत धरणारा, आणि 'अमीर आखूर', म्हणजे तबेल्याचा अमीर, अशा नावांनी मिरवत आणि प्रत्यक्षात राज्य चालवत. उस्मानी दरबारात 'सिलाहदार' हा सुलतानाची तलवार सांभाळणारा मोठा मानकरी होता. आपल्याकडचा शिलेदार म्हणजे तोच शब्द, पण इथे तो स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येणारा स्वार झाला.

दहाच्या पटीचे हे माप इतके पक्के बसले, की आजच्या तुर्की सैन्यातही कॅप्टनला 'युझबाशी' म्हणजे शंभरांचा म्होरक्या, मेजरला 'बिनबाशी' म्हणजे हजारांचा म्होरक्या आणि कॉर्पोरलला 'ओनबाशी' म्हणजे दहांचा म्होरक्या म्हणतात. डिव्हिजनला 'तुमेन' हाच शब्द आहे. इराणी चलनातील तोमान हाही तोच, कारण तो मुळात दहा हजार दीनारांचा हिशेब होता. सार्जंटला तुर्कीत 'चाऊश' म्हणतात, आणि मराठवाड्यात ज्यांचे शेजारी चाऊस आडनावाचे आहेत त्यांना हा शब्द परका वाटणार नाही. हैदराबादच्या निजामाच्या चाकरीत आलेल्या अरब शिपायांना हे नाव पडले ते याच तुर्की शब्दावरून. आधुनिक हुद्द्यांशी तुलना करण्याची ज्यांना हौस आहे, त्यांनी ती इथपर्यंतच करावी. तेराव्या शतकातल्या नोयानाला कर्नल ठरवण्यातून काही हाती लागत नाही.

हिंदुस्थानात ही दशमान शिडी कशी सांगितली जात होती याचा उत्तम नमुना चौदाव्या शतकातील इतिहासकार झियाउद्दीन बरनी देतो. बुघराखान आपल्या मुलाला, म्हणजे दिल्लीच्या कैकुबादला, राजनीती सांगतो आहे असा प्रसंग आहे. दहा निवडक स्वारांवर एक सरखेल, दहा सरखेलांवर एक सिपहसालार, दहा सिपहसालारांवर एक अमीर, दहा अमीरांवर एक मलिक, दहा मलिकांवर एक खान, आणि ज्याच्या हाताखाली निदान दहा खान नाहीत त्याने राजा म्हणवू नये. हिशेब केला तर खानाच्या हाताखाली एक लाख आणि राजाकडे दहा लाख स्वार होतात. इतके स्वार दिल्लीच्या कोणत्याही सुलतानाने पाहिले नसतील. हा आदर्शाचा तक्ता आहे, हजेरीपट नव्हे. पण क्रम खरा आहे : दिल्लीच्या सल्तनतीत अमीर खाली, मलिक त्याच्या वर आणि खान सर्वांत वर. प्रश्नकर्त्याला हवी असलेली उतरंड एका जागी मिळते ती ही, फक्त ती दिल्लीची आणि त्या शंभर-दीडशे वर्षांची आहे.

या शिडीच्या तळाशी बसलेला सरखेल पुढे कुठे पोचला हे पाहिले, की शब्दांच्या फिरण्याचा अंदाज येतो. दहा स्वारांचा हा नाईक मराठेशाहीत कान्होजी आंग्र्यांच्या नावापुढे आला, आणि कुलाब्याच्या आरमाराचा सर्वोच्च अधिकारी म्हणजे सरखेल असा त्याचा अर्थ झाला. 'खेल' म्हणजे घोडदळ. ज्या माणसाची सारी हयात गलबतांवर गेली त्याचा किताब घोडेस्वारांचा, याचे त्या काळी कुणाला नवल वाटले असेल असे दिसत नाही. बडोद्याच्या गायकवाडांचा 'सेनाखासखेल समशेरबहादूर' हा किताब मी विद्यार्थ्यांना तोडून दाखवतो. सेना संस्कृत, खास आणि खेल अरबी, समशेर फारसी, आणि बहादूर म्हणजे तुर्क-मोंगलांचा 'बगातूर', वीर. मराठी बोलण्यात तोच बहाद्दर झाला आणि इंग्रजी अमलात पेन्शन घेतलेल्या मामलेदाराच्या नावापुढे रावबहादूर होऊन बसला.

किताबांचा सुळसुळाट कसा होतो याविषयी त्या काळातले लोकही तक्रार करीत होतेच. बगदादच्या खलिफाकडे फौज उरली नाही तेव्हा त्याच्याकडे देण्यासारखे किताबच उरले. 936 मध्ये खलिफाने इब्न राइकला 'अमीर-उल-उमरा', म्हणजे अमीरांचा अमीर, केले आणि राज्यकारभार त्याच्या हाती सोपवला. 945 पासून बुवैही घराण्याने तीच जागा घेतली, आणि त्यांच्यातला प्रत्येक जण अमुक-उद्-दौला झाला. गझनीच्या महमूदाला 'यमीन-उद्-दौला' हा किताब मिळाला तो याच खलिफांकडून, आणि समरकंदच्या खाकानाला आपल्यापेक्षा अधिक किताब मिळाले म्हणून तो कसा जळफळला याची गोष्ट निजाम-उल्-मुल्काने सियासतनाम्यात रंगवून सांगितली आहे. सेल्जुकांचा हा वजीर त्याच प्रकरणात कुरकुरतो, की आता काझीचे किताब तुर्क सरदार लावतात आणि कोण कोण आहे हे नावावरून कळेनासे झाले आहे. 'सुलतान' शब्दही असाच चढला. अरबीत तो मुळात सत्ता या अर्थाचे भाववाचक नाम होता. अकराव्या शतकात सेल्जुक तुघ्रील बेगाने तो नाण्यांवर घातला आणि तो राज्यकर्त्याचा रीतसर किताब झाला. बगदादमध्ये राज्य चालवणारा अमीर-उल-उमरा सातशे वर्षांनी पुण्यात लाल महालात उतरला तेव्हा तो औरंगजेबाचा एक सुभेदार होता. त्याचे नाव मिर्झा अबू तालिब. शाएस्ताखान हा त्याचा किताब आणि अमीर-उल-उमरा हा त्याच्या वरचा आणखी एक. 'अमीर' तर मराठीत नुसता श्रीमंत माणूस झाला, आणि त्याचे अनेकवचन 'उमरा' आपण 'उमराव' करून एकवचनी वापरतो.

दक्षिणेत किताबाचा अर्थ थेट राजकारणाशी कसा बांधलेला होता, ते आदिलशाहीच्या उदाहरणावरून दिसते. बहमनी राज्यातल्या सरदारांचे आदिलखान, निजाम-उल्-मुल्क, कुत्ब-उल्-मुल्क, इमाद-उल्-मुल्क हे नोकरीतले किताब होते. राज्य फुटले तेव्हा या सरदारांनी किताब टाकून दिले नाहीत, त्यांनाच 'शाह' जोडून घराण्यांची नावे केली. मोगलांच्या बखरकारांनी मात्र हे कधी मनापासून मानले नाही. त्यांच्या लिखाणात विजापूरचा पातशाह हा आदिलखानच असतो आणि गोवळकोंड्याचा कुत्ब-उल्-मुल्क. वाचकाला ती शब्दांची सवय वाटते, पण ते नोकराला नोकर म्हणण्याचे धोरण आहे.

काही शब्दांचा प्रवास थोडक्यात सांगतो. 'बक्षी' हा मुळात चिनी आणि उइगूर वळणाचा शब्द, अर्थ बौद्ध आचार्य. मोंगल अमलात लेखन त्यांच्या हाती होते म्हणून तो लेखनिक झाला, आणि मोगल दरबारात मीरबक्षी म्हणजे सैन्याच्या हजेरी-पगाराचा मुख्य. 'बक्षीस' या शब्दाशी त्याचे नाते नाही, तो फारसी धातूपासून आला आहे. 'दरोगा' म्हणजे मोंगल दारुगाची, शिक्का दाबणारा. जिंकलेल्या शहरावर खानाचा हा प्रतिनिधी बसे, पुढे तो पोलीस चौकीत येऊन बसला. 'सुभेदार' आणि तुर्की 'सुबाशी' कानाला सारखे वाटले तरी निराळे आहेत : पहिला अरबी सुभ्यावरून, दुसरा तुर्कीतील सैन्यवाचक शब्दावरून. 'कुर्निसात' मात्र तुर्की मुळाचा, राजासमोर दर्शनाला उभे राहण्यावरून आलेला.

किताब आणि हुद्दा यांतला फरक ओळखण्याची एक खूण मामलूकांच्या कैरोत फार स्पष्ट दिसते. तिथे दहाचा अमीर, चाळीसचा अमीर आणि शंभराचा अमीर अशा पायऱ्या होत्या. आकडा स्वतःच्या मामलूक शिपायांचा असे, आणि शंभराच्या अमीराला लढाईत हजार स्वारांवर अधिकार मिळे. चाळीसच्या अमीराचे दुसरे नाव 'तबलखाना', कारण दारात नौबत वाजवण्याचा हक्क त्या पायरीपासून सुरू होई. उस्मान्यांकडे तेच काम निशाणाला लावलेल्या घोड्याच्या शेपटीने होई : संजकबेगाला, म्हणजे जिल्ह्याच्या अंमलदाराला, एक, बेगलरबेगीला दोन, वजिराला तीन. ज्या पदाबरोबर माणसे, नौबत, निशाण किंवा जमिनीचा वसूल येतो तो हुद्दा, आणि ज्याबरोबर फक्त नावापुढे लावायचा शब्द येतो तो किताब. हा नियम मी चार-पाच राज्यांच्या कागदांवर वापरून पाहिला आहे आणि तो सहसा चुकत नाही.

आता घरातल्या पंचहजारीकडे येतो. कागद मोगली चाकरीचा असेल तर पाच हजार हा 'जात' आकडा आहे, म्हणजे दरबारातली पायरी आणि पगाराची श्रेणी. फौज किती ठेवायची हे 'सवार' या दुसऱ्या आकड्यावर ठरे, आणि शाहजहानच्या काळी तीही सवलतीने मोजली जाई : जहागीर नोकरीच्याच सुभ्यात असेल तर एक तृतीयांश, बाहेर असेल तर एक चतुर्थांश. म्हणजे 'पाच हजार जात, दोन हजार सवार' असा मनसबदार दूरच्या सुभ्यात पाचशे स्वार दाखवून मोकळा होई. 1665 च्या पुरंदरच्या तहात आठ वर्षांच्या संभाजीराजांना पंचहजारी मनसब मिळाली होती, आणि पुढच्या वर्षी आग्र्याला शिवाजीमहाराजांना त्याच पायरीच्या रांगेत उभे केले तेव्हा त्यांचा संताप झाला, तो या पायरीचे मोल त्यांना नेमके ठाऊक होते म्हणून.

कागद शिवकालीन मराठी चाकरीचा असेल तर हिशेब अगदी निराळा आहे. सभासदाने दिलेल्या रचनेप्रमाणे पंचवीस बारगिरांवर हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी आणि पाच हजाऱ्यांवर पंचहजारी, वर सरनोबत. तेव्हा इथला हजारी साडेबाराशेंचा आणि पंचहजारी सव्वासहा हजारांचा. कागदात जहागिरीचा वसूल किंवा 'जात', 'सवार' हे शब्द आहेत की जुमलेदार-हवालदारांच्या नेमणुका आहेत, आणि साल फसली, म्हणजे महसुली कालगणनेचे, आहे की शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक शक, एवढे पाहून कळवावे. फोटो पाठवणार असाल तर कागदाची पाठही पाठवावी, कारण नोंदीचे शेरे आणि दाखल्याचे शिक्के बहुतेक वेळा तिथेच असतात.